स्वस्त चाकूचं पाणी

धार लावणाऱ्या काकांनी माझा नवा कोरा चाकू उघडला, पातं उन्हात धरून पाहिलं आणि चाकाला लावण्याआधी पिशवीतून एक जुनी कानस काढली. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या अगदी जवळ, त्यांनी एक हलका हात मारला. कानस सहज रुतली आणि त्यांच्या अंगठ्यावर चांदीसारखा कीस पडला. "याला पाणी नीट दिलेलं नाही हो," ते म्हणाले. "धार लावून देतो, पण टिकायची नाही."

चाकू साडेतीनशे रुपयांचा होता. काळं पातं, खटका, पट्ट्याला अडकवायची क्लिप आणि पात्यावर ठळक अक्षरांत '४४० स्टेनलेस'. काकांनी धार झकास लावली होती. पण दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची तीन खोकी कापली आणि संध्याकाळी टोमॅटोवर पातं ठेवलं, तर साल कापली जाण्याऐवजी नुसती दबली. काका जे बोलले ते अगदी खरं होतं, आणि स्वस्त चाकू पारखताना सगळ्यात आधी विचारायला हवा तो प्रश्नही त्यातच होता: या पात्याला पाणी कसं दिलंय?

पोलादाला पाणी देणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. चाकूच्या पोलादात तो साधारण अर्धा ते एक टक्का असतो. साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी रचना असते, तिच्यात कार्बनला शिरायला जागाच नसते. पातं लालभडक तापलं की अणू नव्या रचनेत बसतात, त्यांच्यामधल्या फटी मोठ्या होतात आणि कार्बन तिथे विरघळतो. आता पातं सावकाश गार केलं तर कार्बन हळूच बाहेर पडतो आणि पोलाद पुन्हा मऊ होतं. ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं, तर लोखंड जुन्या रचनेकडे परतू पाहतं, पण कार्बनला निसटायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि सगळी रचना ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून. धार टिकते ती या ताणामुळे.

अशा पात्याचं काम अजून अर्धंच झालेलं असतं. ते काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर तुकडा उडू शकतो. म्हणून ते पुन्हा दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवून काही वेळ तसंच ठेवतात. थोडा कठीणपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. गावातला लोहार ट्रकच्या भंगारातल्या कमानपाट्यापासून कोयता घडवतो, तेव्हा हे सगळं तो तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून करतो. पोलाद भंगारातलं, पण पाणी चढतं ते त्याच्या डोळ्यांसमोर. त्या कोयत्यावर अख्खा गळीत हंगाम निघतो.

कारखान्यात हेच काम भट्टी करते, आणि स्वस्त चाकूवाला पैसा वाचवतो तो बहुधा इथेच. भट्टीचं तापमान वीस-तीस अंशांनी चुकलं किंवा पाती घाईने बाहेर काढली, तरी वरून काही दिसत नाही. चकाकी तीच, नाव तेच. फरक कळतो तो रॉकवेल मापात. या चाचणीत हिऱ्याचं शंकूसारखं टोक दीडशे किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा ठरवतात. रोजच्या वापराच्या चांगल्या चाकूसाठी ५६ ते ५८ हा आकडा पुरतो. व्हिक्टोरिनॉक्सचे लाल स्विस चाकू ५६ च्या आसपास असतात आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरले आहेत. आकडा ५२ च्या खाली गेला की धारेची कड तुटत नाही, ती दुमडते. माझ्या काळ्या चाकूचं हेच झालं होतं. भिंगाखाली कड एका बाजूला लवलेली स्पष्ट दिसत होती.

स्टेनलेसने हे काम आणखी अवघड केलं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. सुमारे तेरा टक्के क्रोमियम घातलेला त्याचा एक नमुना गंजेना. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बनतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा भरून येतो. सुऱ्यांसाठी याहून चांगलं काय असणार? पण शेफील्डच्या सुरीवाल्यांना ते पोलाद आधी जमेना, आणि 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' म्हणून ब्रिअर्लीची टिंगल झाली. क्रोमियमला कार्बन प्रिय. तो कार्बनला धरून बसतो आणि लोखंडात विरघळू देत नाही. साध्या पोलादाला आठशे अंशांच्या आसपास पाणी देता येतं. स्टेनलेसला हजाराच्या वर जावं लागतं, तेही नेमकं. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी कारखान्याच्या व्यवस्थापकाने काही प्रयत्नांनंतर ते साधलं, व्हिनेगरने डाग पडत नाही हे पाहिलं आणि 'स्टेनलेस' हे नाव रूढ केलं.

म्हणून पात्यावरच्या अक्षरांवर फार भिस्त ठेवू नये. ४४० ही तर तीन भावंडं आहेत: ए, बी आणि सी. त्यांच्यात कार्बन ०.६ टक्क्यांपासून १.२ टक्क्यांपर्यंत बदलतो. पुढचं अक्षरच छापलेलं नसेल, तर त्या आकड्यातून काहीही कळत नाही. 'सर्जिकल स्टील' हे कोणत्याही एका पोलादाचं नाव नाही. स्वस्त पात्यावरची दमास्कसची, म्हणजे एरवी पोलादाचे थर एकत्र घडवून उमटणारी, नागमोडी नक्षी बहुतेक वेळा लेसरने कोरलेली असते. चिनी पोलादांची नावं मात्र कामाची आहेत, कारण पहिला आकडा कार्बन सांगतो. ३सीआर१३ मध्ये तो सुमारे ०.३ टक्के, ८सीआर१३एमओव्ही मध्ये सुमारे ०.८. पहिल्याला कितीही निगुतीने पाणी दिलं तरी तो एका मर्यादेपलीकडे कठीण होत नाही. दुसरा नीट तापवला तर कमी पैशांत फार चांगलं पातं देतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते: पात्याची जाडी. चांगल्या धारेची कड एका मायक्रॉनहूनही बारीक असते, केसाच्या शंभराव्या भागाइतकी. पण कापण्याची सुरुवात तेवढी ती करते. पुढे पात्याच्या दोन्ही बाजू गाजरात पाचरीसारख्या घुसतात. माझ्या काळ्या चाकूचं पातं तीन मिलिमीटर जाड आहे. नवी धार असतानाही गाजर कापलं जात नव्हतं, तडकत होतं. जाड पातं हातात भक्कम वाटतं आणि दुकानात त्याच भक्कमपणाला आपण दर्जा समजतो. फळं, दोरी, पाकिटं कापणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल. आल्प्सच्या कुशीतल्या सावुआ प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० साली तो बनवला, शेतकऱ्याच्या खिशासाठी. त्याचा आठ नंबरचा चाकू म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचं, दोन मिलिमीटरहून पातळ पातं, बीच लाकडाची मूठ, एक खिळा आणि दोन कडी. एवढेच पाच भाग. त्यातलं फिरणारं कडं १९५५ साली आलं. ते वळवलं की पातं बोटांवर मिटत नाही. ना बेअरिंग, ना क्लिप, ना काळा रंग. पैसा गेलाय तो पोलाद, भट्टी आणि धारेवर. मित्राने दिलेला माझा ओपिनेल काकांकडे नेला, तेव्हा कानस रुतायला नाखूश होती आणि आवाजही चढा आला. काकांनी काही न बोलता चाकू परत दिला.

दुकानात कानस चालवू देणार नाहीत. पण दिव्याखाली उभं राहून धारेची कड सरळ डोळ्यांसमोर धरा. धारदार कड प्रकाश परत पाठवत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते, तिथे ती बोथट आहे. मग पातं उघडून टोक दोन बोटांत धरा आणि डावीउजवीकडे हलवा. खिळ्यापाशी खेळ जाणवला तर पुढे तो वाढतच जाणार. मिटलेल्या चाकूचं टोक मुठीबाहेर डोकावत नाही ना, हेही बोट फिरवून पाहा. खटका असेल तर पातं उघडून पाठ लाकडावर हलकेच आपटा, मिटण्याच्या वाटेत बोट ठेवू नका. खटका सुटला तर तो चाकू फुकटही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर पहिल्या धारेवरून मात्र निकाल देऊ नका. कारखान्यात धार वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर लावतात. कड इतकी पातळ असते की क्षणात तापते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. दोन-तीनदा ओल्या दगडावर घासून तो भाग निघाला की आतलं खरं पोलाद लागतं. कधी कधी साधा दिसणारा चाकू तिथून पुढे उत्तम चालतो. याच कारणाने कोरड्या चाकावर जोर लावून धार काढणाऱ्याला मी चाकू देत नाही. साध्या पोलादाची कड निळी झाली, की ती तीनशे अंशांच्या आसपास पोचली.

ओपिनेलमध्ये दोष नाहीत असं नाही. माझा साध्या पोलादाचा आहे. लिंबू कापून तसाच ठेवला की तासाभरात काळपट डाग पडतो आणि कोकणातल्या पावसात तो दोन दिवसांत गंजतो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि पातं मुठीत असं रुतून बसतं की नखाने निघत नाही. सावुआतले लोक अशा वेळी कडं मोकळं करून मुठीची मागची कड टेबलावर ठोकतात. जुलैमध्ये मीही ओट्यावर तेच करतो. दुसऱ्या ठोक्याला पातं नखभर वर येतं.