एएमआरमध्ये युरोपात पगारी पीएचडी: अर्जाआधी तारखा मोजा

मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘ती मारी क्युरी स्कॉलरशिप, तिचा फॉर्म कुठे मिळतो?’ मुळात ही स्कॉलरशिप नव्हे, नोकरी आहे. आणि सगळ्यांसाठी एकच असा फॉर्मही नसतो.

‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी ॲक्शन्स’ या योजनेतून युरोपीय संघ विद्यापीठं, संशोधन संस्था आणि कंपन्यांच्या गटाला पैसे देतो. या गटाला डॉक्टरल नेटवर्क म्हणतात. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंवर, म्हणजे एएमआरवर, अशी बरीच नेटवर्क झाली आहेत. प्रत्येक नेटवर्क आपापल्या जागा काढतं. एका जागेला एक विषय, एक गाइड, एक देश. जाहिराती ‘युरॅक्सेस’ या पोर्टलवर येतात आणि अर्ज थेट त्या नेटवर्ककडे किंवा विद्यापीठाकडे जातो, ब्रसेल्सला नाही.

कोण अर्ज करू शकतं?

राष्ट्रीयत्वाची अट नाही, वयाचीही नाही. पीएचडी आधी झालेली नसावी. व्हायवा यशस्वीपणे देऊन फक्त पदवी हातात यायची राहिली असेल, तरी दार बंद. शिक्षण त्या देशात पीएचडीला प्रवेश मिळण्याइतकं हवं, म्हणजे बहुतेक ठिकाणी मास्टर्स. फार्मसी, रसायनशास्त्र, पशुवैद्यक, बायोइन्फर्मॅटिक्सवाल्यांनाही जागा असतात, तेव्हा ‘आपण मायक्रोचे नाही’ म्हणून पान उलटू नका.

अर्ज अडतात ते मोबिलिटीच्या अटीवर. नोकरीवर रुजू होण्याच्या लगेच आधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात जागा आहे तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा मुख्य काम अथवा शिक्षण केलेलं चालत नाही. उदाहरण घ्या. कोल्हापूरहून जर्मनीला जाऊन नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्या मुलीला जर्मनीतली जागा मिळणार नाही, नेदरलँड्समधली मिळू शकते. थेट कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला दोन्ही देश मोकळे. फिरायला गेलेले दिवस यात धरत नाहीत. मोजणी अर्जाच्या नव्हे, रुजू होण्याच्या तारखेपासून मागे होते, हे बरेच जण विसरतात.

पैसे किती?

२०२३ च्या कॉलमधल्या (म्हणजे त्या वर्षीच्या निधीसाठी प्रस्ताव मागवलेल्या फेरीतल्या) नेटवर्कांत महिन्याला ३,४०० युरो निर्वाह भत्ता आणि ६०० युरो मोबिलिटी भत्ता धरला होता. कुटुंब असेल तर ६६० युरो वेगळे. हुरळून जाऊ नका. निर्वाह भत्त्याला देशानुसार गुणक लागतो आणि संस्थेच्या वाट्याचे सामाजिक विमा वगैरे खर्चही याच रकमेतून जातात. वर तुमचा कर. हातात किती पडेल, ते मुलाखतीत बिनधास्त विचारा. हा निधी साधारण ३६ महिन्यांचा असतो. पीएचडी त्यापेक्षा लांबली तर पगार कोण देणार, हेही तेव्हाच विचारून घ्या.

कागदपत्रं

सीव्ही, पदवी प्रमाणपत्रं, ट्रान्सक्रिप्ट, दोन-तीन शिफारसकर्त्यांची नावं, इंग्रजीचा पुरावा आणि गेल्या तीन वर्षांत कुठे राहिलात याचा तारीखवार तक्ता. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर वेगळा क्रम, हा घोळ सीव्हीतच एका ओळीत स्पष्ट करा.

मोटिव्हेशन लेटरमध्ये ‘एएमआर ही मूक महामारी आहे’ हे वाक्य नको. ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा मुलर-हिंटन अगरच्या (जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या) प्लेटवर अँटिबायोटिकची डिस्क ठेवून झोन, म्हणजे तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मिलिमीटरमध्ये मोजलेत का, कंट्रोल म्हणून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा ठरलेला जिवाणू लावलात का, निकाल सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याने वाचलात का, ते लिहा. युरोपात युकास्ट या युरोपीय समितीचे तक्ते चालतात आणि दोन्हींचे ब्रेकपॉइंट, म्हणजे औषध लागू पडतं की नाही हे ठरवणाऱ्या मर्यादा, काही औषधांना वेगळे आहेत. हा फरक माहीत असणारा उमेदवार प्रयोगशाळेत हात घातलेला आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

निवड झाल्यावर

संस्था करारपत्र देते आणि बहुतेक देशांत संशोधक व्हिसासाठी होस्टिंग अग्रीमेंटही (तुम्हाला संशोधक म्हणून घेत असल्याचा करार). पदवीवर अनेक ठिकाणी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का) मागतात. त्याआधी राज्य सरकारच्या साक्षांकनाची पायरी असते. अपोस्टील सहसा मूळ पदवी प्रमाणपत्रावर घ्यावं लागतं. पासिंग सर्टिफिकेटवर भागवून दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरायचा राहिला असेल, तर तो आज भरा.