गिटार आणि सॅम्प्लर: दोष केबलचा नाही

इलेक्ट्रिक गिटार कीबोर्ड सॅम्प्लरच्या (आवाज टिपून तो कळांवर वाजवणाऱ्या यंत्राच्या) लाइन इनपुटला थेट जोडल्यावर आवाज दबका आणि खरखरीत आला, की महागडी केबल घ्या किंवा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवा, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. त्याने मूळ दोष जात नाही.

तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे. वरच्या सुरांच्या कंप्रतेला त्याचा इंपिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युत प्रवाहाला होणारा विरोध, बराच वाढतो. पुढच्या इनपुटचा इंपिडन्स त्याहून खूप जास्त नसेल, तर वरचे सूर पिकअपमध्येच दबतात. गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट सुमारे 1 मेगाओहमचे असते, लाइन इनपुट मात्र अनेकदा 10 ते 50 किलोओहमचेच असते, त्यामुळे प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) तारेवरून सुटतानाचा तो लख्ख ‘टक्’ सॅम्प्लरपर्यंत पोहोचण्याआधीच विरतो. उरलेल्या क्षीण सिग्नलवर गेन चढवला तर खरखरही तेवढीच चढते, आणि गेलेली धार काही परत येत नाही.

म्हणून मध्ये उच्च इंपिडन्सचे इनपुट असलेला, क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प घ्यावा. बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारे सर्किट) असलेले साधे पेडलही धार टिकवते, पण पातळी फारशी वाढवत नाही. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला जोडण्याजोगा करणारी डबी) वापरणार असाल, तर त्याचा सिग्नल माइकच्या पातळीचा असतो, तेव्हा पुढे माइक प्रीअ‍ॅम्प लागतोच. हे सांगायचे बहुतेक जण विसरतात. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुण मात्र वेगळी: गिटार हातात धरून जागीच थोडे वळून पाहावे, एका कोनात ती स्पष्टपणे कमी होते. तिथेच थांबून सॅम्पल घ्यावे.