संप्रेरक-व्यत्ययी रसायने व मेंदूच्या पेशींची वाढ

संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या, त्यांची जागा अडवणाऱ्या किंवा त्यांची निर्मिती व वहन बिघडवणाऱ्या बाहेरच्या रसायनांना संप्रेरक-व्यत्ययी रसायने म्हणतात. पीसीबी (विद्युत उपकरणांत पूर्वी वापरली जाणारी क्लोरीनयुक्त रसायने), ब्रोमीनयुक्त अग्निरोधके (वस्तू सहज पेटू नयेत म्हणून मिसळलेली रसायने) आणि प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी थॅलेट व बिस्फेनॉल-ए ही त्यांतील परिचित नावे. घडत्या मेंदूला त्यांचा धोका सर्वाधिक असतो, कारण तेथे प्रत्येक पेशीने ठरलेल्या वेळी विभागायचे, ठरलेल्या थरात जाऊन स्थिरावायचे आणि इतर पेशींशी जोडून घ्यायचे असते; ती वेळ हुकली की बहुधा पुन्हा येत नाही.

हे वेळापत्रक बऱ्याच अंशी थायरॉइड संप्रेरक सांभाळते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते आणि पुरेशी सक्षम होईपर्यंत गर्भावस्था निम्मी सरते. तोवर गर्भाची मदार आईच्या रक्तातून वारेवाटे येणाऱ्या थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकावर असते. मेंदूतील तारकापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) त्याचे टी-३ या अधिक प्रभावी थायरॉइड संप्रेरकात रूपांतर करतात, आणि हे टी-३ चेतापेशींच्या केंद्रकातील ग्राहींना (संप्रेरकाचा संकेत टिपणाऱ्या प्रथिनांना) बांधले जाऊन कोणती जनुके केव्हा कार्यरत व्हावीत हे ठरवते. गर्भारपणी थायरॉक्सिन बनण्यासाठी लागणाऱ्या आयोडीनची तीव्र कमतरता असल्यास मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते, ती याच साखळीमुळे.

पीसीबीचे शरीरात तयार होणारे काही अवशेष रचनेने थायरॉक्सिनशी इतके मिळतेजुळते असतात की ते ट्रान्सथायरेटिन या वाहक प्रथिनावरील त्याची जागा बळकावतात. तैवानमध्ये १९७९ साली पीसीबीमिश्रित तांदूळ-कोंड्याच्या तेलाने विषबाधा झाली; बाधित मातांच्या, अगदी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलेल्या मुलांचाही बुद्ध्यंक कमी आढळला, कारण पीसीबी चरबीत दीर्घकाळ साठून राहते. मिशिगन सरोवरातील मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांवरील पाहणीत (१९९६) गर्भावस्थेतील जास्त संपर्काचा माग वयाच्या अकराव्या वर्षीही लागला.

प्रत्यक्षात गर्भापर्यंत एकटे रसायन कधीच पोहोचत नाही. स्वीडनमधील गर्भवतींच्या रक्त-लघवीच्या नमुन्यांवरून बेतलेले अशा रसायनांचे मिश्रण प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मेंदूपेशींच्या गोळ्यांना दिल्यावर त्यांच्यातील जनुकांचे कार्य बदलले आणि बेडकाच्या डिंभांतील (पिलांतील) थायरॉइड-संकेतही बिघडले (२०२२). एकेका रसायनाची स्वतंत्र सुरक्षित मर्यादा ठरवण्याची रूढ पद्धत म्हणूनच अपुरी ठरते.

पर्यायी रसायनांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. दूध पाजण्याच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-एवर युरोपीय संघाने २०११ मध्ये बंदी घातली. अनेक उत्पादनांत त्याच्या जागी आलेले बिस्फेनॉल-एस मात्र २०१५ च्या एका प्रयोगात निर्दोष ठरले नाही : झेब्राफिश माशाच्या भ्रूणांच्या अधश्चेतकात (मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या भागात) अकाली होणारी नव्या चेतापेशींची निर्मिती बिस्फेनॉल-एमुळे १८० टक्क्यांनी, तर बिस्फेनॉल-एसमुळे २४० टक्क्यांनी वाढली, आणि पुढे ती पिले अतिचंचल झाली.