लपणाऱ्या विमानाचं उघड गणित

रडारला न सापडणारं विमान म्हणजे रडारच्या पडद्यावर अजिबात न उमटणारं विमान, असा एक समज असतो. तसं काही नसतं. रडार रेडिओलहरी सोडतं, त्या विमानावर आदळतात आणि त्यातला अगदी क्षीण अंश माघारी येतो. हा परतीचा अंश इतका घटवायचा की विमान फार जवळ आल्यावरच ओळखू यावं, एवढंच हाती असतं. त्यातही निसर्ग कंजूष आहे. परावर्तन दहा पटींनी कमी केलं तरी रडारचा पल्ला निम्म्यावरसुद्धा येत नाही. तो दहाव्या हिश्श्यावर आणायचा, म्हणजे ३०० किलोमीटरवरून दिसणारं विमान ३० किलोमीटरपर्यंत दिसू द्यायचं नाही, तर परावर्तन तब्बल १०,००० पटींनी घटवावं लागतं. नुसता लहरी शोषणारा लेप फासून एवढं साधत नाही. आकारच मुळापासून बदलावा लागतो.

हे काम अंगावर घेतलं ते लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विभागाने. कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये १९४३ साली केली जॉन्सन यांनी तो उभा केला होता. मोजकी माणसं, कमीत कमी कागदपत्रं आणि निर्णय घेणारा एकच, ही त्यांची पद्धत. आपल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाचा नमुना त्यांनी १४३ दिवसांत उभा केला. पुढे यू-२ आणि एसआर-७१ ही टेहळणी विमानंही तिथलीच. १९७५ मध्ये जॉन्सन निवृत्त झाले आणि सूत्रं बेन रिच यांच्याकडे आली.

त्याच वर्षी तिथल्या डेनिस ओव्हरहोल्झर या तरुण गणितज्ञाला एक रशियन प्रबंध सापडला. प्योत्र उफिम्त्सेव यांचा तो प्रबंध १९६२ मध्ये मॉस्कोत राजरोस छापून आला होता आणि अमेरिकी हवाई दलाने त्याचं भाषांतरही करून ठेवलं होतं. विषय दिसायला रुक्ष होता: वस्तूच्या कडांवर आदळलेल्या लहरी कशा विखुरतात. पण सपाट पृष्ठावरून परतणाऱ्या लहरींचा हिशेब आधीच ठाऊक होता. त्याला कडांच्या हिशेबाची जोड मिळाली आणि एखादा आकार रडारला किती दिसेल, हे तो प्रत्यक्ष न बनवताच सांगता येऊ लागलं. शीतयुद्धातल्या एका अतिगुप्त विमानाचा पाया शत्रुदेशातल्या छापील पानांवर उभा राहिला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गमतीची वाटते ती ही गोष्ट.

एक अडचण मात्र होती. तेव्हाच्या संगणकांना आणि त्यांच्या प्रोग्रॅमला वक्र पृष्ठांचं गणित झेपत नव्हतं. म्हणून मग विमानच सपाट तुकड्यांचं करायचं ठरलं. अंधारात तिरक्या धरलेल्या आरशावर विजेरी मारली तर झोत भलतीकडेच जातो, आपल्या डोळ्यांत येत नाही. इथला प्रत्येक पैलू त्याच हिशेबाने तिरका ठेवला होता. वायुगतिकीच्या दृष्टीने हा आकार इतका भयंकर होता की त्याला ‘होपलेस डायमंड’ असं नाव पडलं. खुद्द जॉन्सन यांचाही त्यावर विश्वास नव्हता. आपलं जुनं डी-२१ हे चालकविरहित विमान रडारवर याच्यापेक्षा कमी दिसेल, अशी पाव डॉलरची पैज त्यांनी रिच यांच्याशी लावली आणि ते हरले.

पुढे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात प्रतिकृती खांबावर चढवून मोजणी सुरू झाली, तेव्हा रडारला प्रतिकृतीपेक्षा खांबच ठळक दिसू लागला. आधी खांब लपवणं भाग पडलं!

‘हॅव ब्लू’ हे चाचणी विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडालं. असा बेढब आकार नुसत्या हाताने सांभाळता येत नाही. वैमानिक दांड्याने फक्त आपला इरादा कळवतो; विमान सरळ ठेवण्यासाठी लागणाऱ्या बारीकसारीक दुरुस्त्या संगणक सतत करत राहतो. दोन हॅव ब्लू बांधली गेली आणि दोन्ही कोसळली, पण वैमानिक वाचले. त्यातून आलेलं एफ-११७ हे विमान १९८१ मध्ये उडालं आणि लोकांना ते १९८८ मध्ये एका धूसर छायाचित्रातून कळलं. नावात लढाऊ विमानाचा ‘एफ’ असला तरी प्रत्यक्षात ते बाँब टाकणारं विमान होतं.

दरम्यान संगणक सुधारले. नॉर्थ्रॉप कंपनीच्या ‘टॅसिट ब्लू’ या चाचणी विमानाने १९८२ पासून दाखवून दिलं की वक्र आकारही लपू शकतात. दिसायला ते ओबडधोबड, देवमाशासारखं. ते जगापुढे आलं १९९६ मध्ये. बी-२ बाँबफेकी विमानाच्या गुळगुळीत पंखांमागे हेच नवं गणित आहे.

आकाराच्या या युक्तीला मर्यादाही आहे. लहरींची लांबी विमानाच्या भागांच्या मापाइतकी वाढली की तिरक्या पैलूंचा प्रभाव ओसरतो. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ पाडलं गेलं. पाडणाऱ्या तुकडीकडे सोव्हिएत बनावटीची जुनी क्षेपणास्त्रं होती आणि आकाशावर नजर ठेवायला मीटरभराहून लांब लहरींवर चालणारं रडार.