रंगवण्याआधी दाखवा: कॅरेक्टर आणि रचनेच्या तपासणीविषयी आमच्या विद्यार्थ्यांसाठी

तपासणीसाठी पूर्ण रंगवलेलं चित्र पाठवलं, तरी आमच्या पहिल्या उत्तरात रंगांबद्दल एक शब्दही का नसतो, असं जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. त्यापाठोपाठ दुसरी विनंती येते: "फक्त डोळे आणि हात सुधारून द्या ना, बाकी चित्र झालंय." या दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहोत. पेन्सिल आणि लेयर (चित्राच्या सॉफ्टवेअरमधले एकावर एक ठेवलेले थर) दोन्ही तुमच्या हाताखालचे आहेत असं धरलं आहे.

वेळ कुठे जातो

सर्वांत महागात पडणारी चूक कामाच्या क्रमात असते. आधी चेहरा अगदी पूर्ण करायचा, मग त्याखाली धड जोडायचं, मग कपडे चढवायचे आणि सगळ्यात शेवटी मागे 'बॅकग्राउंड टाकायचं'. पापण्या, केसांच्या बटा, सदऱ्याची बटणं यांत दोन संध्याकाळी जातात. मग लक्षात येतं की हात धडाला चिकटला आहे, मान लांबली आहे आणि खोलीची जमीन कॅरेक्टरच्या पायांखाली येतच नाही. या टप्प्यावर रंगवलेला दंड धडापासून जरा दूर न्यायचा म्हटलं, तर दंड, बाही, बाहीची सावली आणि मागची भिंत असं सगळंच पुन्हा काढावं लागतं. तोच दंड थंबनेलमध्ये, म्हणजे रचना ठरवायच्या छोट्या कच्च्या चित्रात, हलवायला दहा सेकंद पुरतात.

डोळे सुधारून आम्ही देऊ शकतो. पण उभं राहण्याची ढब चुकलेली असेल तर सुंदर डोळ्यांनी ती झाकली जात नाही, आणि असं चित्र 'सुधारलं' म्हणून परत देणं आम्हाला बरं वाटत नाही. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: थंबनेल, सिल्हूट (पूर्ण काळा भरलेला बाह्याकार), तीन टोन (उजळ-गडद छटा), त्यानंतर रेषा आणि अखेरीस रंग. पहिल्या तीन पायऱ्या सवय झाल्यावर एका बैठकीत होतात.

चौकट आधी

थंबनेलची चौकट अंतिम पानाच्या प्रमाणातच हवी. ए४ उभ्या पानासाठी ५ × ७ सेंटिमीटरची चौकट घ्या. एका ए४ कागदावर अशा नऊ आरामात बसतात. दोन ए४ पानं शेजारी उघडून होणारं चित्र असेल तर हीच चौकट आडवी करा, कारण या मापात दोन पानं मिळूनही लांबी-रुंदीचं प्रमाण बदलत नाही. चौरस पुस्तक असेल तर चौकट चौरस. प्रमाणाची खात्री नसेल तर मोठ्या पानाचा कर्ण काढा. एका टोकाचा कोपरा कायम ठेवून त्या कर्णावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंत काढलेला आयत त्याच प्रमाणाचा असतो. हाताला येईल तशा चौकटीत छान जमलेली रचना खऱ्या पानावर नेली की दोन्ही बाजूंना जागा उरते, आणि ती भरायला मग झाडं, ढग आणि पक्षी येतात. अशी भरतीची झाडं आम्हाला लगेच ओळखू येतात.

नऊच्या नऊ चौकटी भरा, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटांत, जाड टोकाने. चेहरा काढू नका. डोक्याच्या जागी अंडाकृती आणि नाकाच्या दिशेला एक रेघ पुरते. पहिल्या दोन-तीन चौकटींत हमखास तेच येतं: कॅरेक्टर मधोमध, समोरून, डोक्यापासून पायांपर्यंत. ते येऊन जाऊ द्या. चौथीपासून दर वेळी एकच गोष्ट बदला: क्षितिजरेषा वर किंवा खाली, कॅमेरा जवळ किंवा लांब, कॅरेक्टर पाठमोरं. एकदम सगळं बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

क्षितिजरेषेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण 'माणसं तरंगतायत' ही तक्रार इथूनच निघते. सपाट जमिनीवर सारख्या उंचीची माणसं उभी असतील, तर क्षितिजरेषा सगळ्यांना शरीराच्या एकाच ठिकाणी छेदते. जवळच्याच्या कंबरेतून गेली तर लांबच्याच्याही कंबरेतूनच गेली पाहिजे, तो कितीही लहान दिसला तरी. एकाच्या छातीतून आणि दुसऱ्याच्या गुडघ्यातून गेली, तर दुसरा एकतर राक्षस आहे किंवा उंचवट्यावर उभा आहे. मूल काढायचं असेल तर त्याच अंतरावरचा मोठा माणूस आधी हलक्या रेषेत काढा आणि मुलाची उंची त्याच्यावर मोजा. क्षितिजरेषा चित्रात भिंतीआड लपली असली तरी थंबनेलमध्ये ती ओढाच.

चित्राचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग करून महत्त्वाच्या गोष्टी त्या रेषांवर ठेवण्याचा नियम ('रूल ऑफ थर्ड्स') सगळ्यांना ठाऊक असतो. १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ यांनी निसर्गदृश्यांविषयी लिहिताना तो या नावाने मांडला. त्यांचा भर जमीन आणि आकाश, उजेड आणि अंधार यांची निम्मी-निम्मी वाटणी टाळण्यावर होता. आमच्या मते त्याचा खरा उपयोग तेवढाच आहे. कॅरेक्टरला रेषांच्या छेदावर नेऊन बसवलं आणि सगळ्यात उजळ खिडकी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर नजर खिडकीकडेच जाणार.

काळं करून बघा

निवडलेल्या थंबनेलमधलं कॅरेक्टर आता मोठं काढा, पण बाहेरचा आकारच. सॉफ्टवेअरमध्ये त्या लेयरची पारदर्शकता लॉक करून (म्हणजे रंग आकाराबाहेर जात नाही) काळा रंग भरा. कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून मार्करने भरा. मग ते तीन सेंटिमीटर उंचीइतकं लहान करून बघा, आणि शक्य असेल तर ज्याने मूळ चित्र पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी दाखवा. त्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: तोंड कुठल्या बाजूला आहे, हात काय करतायत, वय साधारण काय. 'काय दिसतंय' एवढंच विचारा. 'हा पतंग उडवतोय ना?' असं विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि परीक्षा फुकट जाते.

बिघडतं ते बहुधा हातांशी. हात धडाच्या समोर आले की काळ्या आकारात नाहीसे होतात. कोपर बाहेर काढा आणि दंड व कंबर यांच्यामध्ये आरपार दिसणारी मोकळी जागा ठेवा; ही रिकामी जागा आकाराइतकीच काम करते. हातातली वस्तू शरीरापासून दूर धरा. चेहरा थेट समोर असेल तर नाक-हनुवटी दिसत नाही, म्हणून तो पाऊण वळवा. कॅरेक्टर हाताची घडी घालूनच उभं राहणार असेल तर हरकत नाही, फक्त दोन्ही कोपरं धडाच्या रुंदीबाहेर येऊ द्या. बाकी फरक टोन सांभाळतील.

दोन कॅरेक्टर शेजारी काळी करून ठेवल्यावर एकसारखी दिसली तर कपडे बदलून भागत नाही. डोक्याचा आकार, खांद्यांची रुंदी, पायांची लांबी यांत फरक करावा लागतो.

डोक्यांचं माप

पानाच्या कडेला एक आकडा लिहून ठेवा: हे कॅरेक्टर किती डोकी उंच आहे, म्हणजे त्याची उंची डोक्याच्या उंचीच्या किती पट आहे. वास्तववादी प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी, आदर्श प्रमाणातला आठ, वर्षभराचं बाळ चारच्या आसपास, चिबी पद्धतीचं (मोठं डोकं, छोटं शरीर अशी जपानी शैली) कॅरेक्टर दोन ते तीन. यातलं काहीही चालतं, पण ठरवलेला आकडा पुढच्या चित्रात बदलायला नको. न लिहिलेला आकडा पान उलटताना नकळत बदलतो. समोरून, पाऊण, बाजूने आणि मागून अशा चारही आकृत्या एकाच पट्टीत काढा आणि डोळे, हनुवटी, कंबर, गुडघे यांतून आडव्या रेषा सलग न्या.

मूल काढताना मोठ्या माणसाला लहान करू नका. प्रौढाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. मुलाचे त्याखाली असतात, कपाळ मोठं आणि हनुवटी लहान असते. एवढं केलं तरी निम्मं वय उतरतं.

आकारांच्या भाषेबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं: गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे भक्कम, त्रिकोण म्हणजे धोका. सुरुवातीला हे धरून चालायला ठीक आहे. आम्ही मात्र जास्त लक्ष देतो ते मोठा, मध्यम आणि लहान या वाटणीकडे. डोकं, धड आणि पाय तिन्ही सारख्या लांबीचे झाले की कॅरेक्टर ठोकळ्यासारखं दिसतं, मग आकार कुठलाही असो. एका भागाला उघड उघड जास्त जागा द्या.

उभं राहणं तपासायची खूण सोपी आहे. एका पायावर भार असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा त्या पायाच्या घोट्याजवळ पडते. त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही रेषा समांतर काढल्या की माणूस खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

तीन टोन

काळा, मधला करडा आणि पांढरा, एवढ्यांतच थंबनेल रंगवा. एक टोन निम्म्याहून जास्त जागा व्यापेल असं बघा आणि सर्वांत उजळ व सर्वांत गडद यांची गाठ जिथे नजर जायला हवी तिथेच घाला. डोळे किलकिले करून बघितल्यावर कॅरेक्टर मागच्या जागेत विरघळलं तर रंग त्याला वाचवणार नाहीत.

रंगीत काम करताना टोन तपासायचे असतील तर 'डिसॅच्युरेट'वर (रंग काढून चित्र करडं करणाऱ्या आज्ञेवर) विसंबू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये ती आज्ञा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्हींना एकच करडा देते, आणि डोळ्याला त्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. त्याऐवजी सर्वांत वर एक नवा लेयर घ्या, तो पूर्ण काळा भरा आणि त्याचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा. खालचं चित्र खऱ्या टोनमध्ये दिसेल आणि लेयर हवा तेव्हा बंद करता येईल.

कडांची भांडणं

दोन कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या की खोली नाहीशी होते. डोक्याला टेकणारी क्षितिजरेषा, डोक्यातून उगवलेला खांब, पानाच्या कडेला शिवणारं बोटाचं टोक, एकाच्या खांद्याला लागणारी दुसऱ्याची हनुवटी. यावर दोनच उपाय: नीट झाकून टाका किंवा स्पष्ट अंतर ठेवा. चौकटीने शरीर कापायचं असेल तर गुडघा, घोटा, मनगट किंवा कोपरावर कापू नका, तो अवयव तुटल्यासारखा दिसतो; मांडीच्या किंवा दंडाच्या मधोमध कापा. आणि चित्र आरशात दिसतं तसं आडवं उलटून बघा: रोज बघून सवयीची झालेली तिरकी नजर, घसरलेला जबडा लगेच दिसतो.

छपाईचं काम असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरा. ए४ साठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हा कॅनव्हास २५५१ × ३५७९ पिक्सेल होतो. दुपानी चित्रात चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नका. हेही थंबनेलमध्येच ठरतं, म्हणून घडीची रेषा तिथेच ओढा.

आम्हाला काय पाठवायचं

नऊ थंबनेलच्या कागदाचा बरोबर वरून, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो. त्यांतल्या दोन चौकटींवर तुमची खूण. काळं केलेलं सिल्हूट. डोक्यांचा आकडा. चित्रात काय घडतंय याचं एक वाक्य, ज्यात क्रियापद असेल; 'धाडसी मुलगी' एवढ्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही, 'मुलगी अंधारात जिना उतरते आहे' यावरून येतं. डिजिटल काम असेल तर लेयर एकत्र करू नका, कारण आम्ही दुरुस्ती वेगळ्या लेयरवर काढून देतो आणि तुम्हाला ती खालच्या रेषेशी पडताळून बघायची असते.

थंबनेलची तपासणी शुल्कातच धरलेली आहे आणि ती कितीही वेळा करून घेता येते. पूर्ण चित्राच्या तपासणीच्या मात्र दोनच फेऱ्या आहेत. ही विभागणी आम्ही मुद्दाम ठेवली आहे. रंगवलेलं चित्र पाठवलंत तरी आम्ही ते घेतो, फक्त पहिला शेरा सिल्हूट आणि टोन यांवरच असेल, आणि तुमची एक फेरी त्यात जाईल. कॅरेक्टर चांगली जमतात पण पानावर बसत नाहीत अशी अडचण असेल तर पूर्ण अभ्यासक्रम घ्यायची गरज नाही. रचनेचा छोटा वर्ग पुरतो. कुठला घ्यावा हे ठरत नसेल तर नऊ चौकटींचा एक कागद आधी पाठवा, तो पाहून आम्ही सांगतो.

त्या कागदावर खोडरबर वापरू नका. बाद केलेल्या चौकटीवर फुली मारा, पण ती आम्हाला दिसू द्या. कित्येकदा निवडलेल्या दोन चौकटींपेक्षा फुली मारलेलीच जास्त चांगली निघते.