शोथ

इजा किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागी शरीर स्वतः घडवून आणते ती संरक्षक प्रतिक्रिया. लाली, उष्णता, सूज व वेदना ही तिची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इ. स. पहिल्या शतकात नोंदवली. अवयवाचे काम मंदावणे हे पाचवे लक्षण नंतर जोडले गेले. बोलीत शोथाला नुसतेच ‘सूज’ म्हणतात. ते अपुरे आहे : हृदयविकारात पायांवर चढणारी सूज म्हणजे शोथ नव्हे.

कपाशीच्या वावरात तळपायात बाभळीचा काटा मोडला, तर जखम सुईच्या टोकाएवढीच असते. पाय टरारून फुगतो तो शरीरानेच सोडलेल्या रसायनांमुळे. पहिल्या काही मिनिटांत त्वचेतल्या मास्ट या संरक्षक पेशी हिस्टामीन हे रसायन सोडतात. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, सूक्ष्मशिरांच्या अस्तरपेशींमध्ये फटी पडतात आणि प्रथिनयुक्त द्रव बाहेर झिरपतो. हा जोर लवकर ओसरतो. रक्तद्रवातील प्रथिनापासून बनलेले ब्रॅडिकिनीन हे रसायन वेदना नेणाऱ्या चेतातंतूंना डिवचते. पेशीपटलातील मेदापासून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लाला दोन वाटा असतात : एका वाटेने प्रोस्टाग्लँडिने ही रसायने बनतात, दुसरीने ल्युकोट्राइने. प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्वतः फारसे दुखवत नाही, पण चेतातंतू हळवे करते. म्हणून दुसऱ्या दिवशी चपलेचा स्पर्शही सोसवत नाही. ल्युकोट्राइन बी-४ आणि रक्तातल्या पूरक (जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या) प्रथिनाचा तुकडा सी-५-ए न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्या ६ ते २४ तासांत जमतात. त्यांच्यामागून जंतू व कचरा गिळणाऱ्या महाभक्षी पेशी येतात. या पेशींनी सोडलेली इंटरल्युकीन-१ व टीएनएफ ही निरोप्या प्रथिने मेंदूपर्यंत पोचली की ताप चढतो.

काट्याचा तुकडा आत राहिला, तर महाभक्षी पेशींना तो पचत नाही. त्या त्याच्याभोवती गाठ बांधतात आणि जागा आठवडे न् आठवडे ठसठसत, पू धरत राहते. गोळ्यांनी हे मिटत नाही. तुकडा काढावा लागतो. धनुर्वाताच्या लशीचेही पाहावे.

जंतू नसतानाही शोथ होतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर (मिरची वाळवण्याच्या जागांवर) मिरचीचे देठ खुडणाऱ्यांच्या बोटांची आग होते, कारण मिरचीतले तिखट द्रव्य कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या, उष्णता ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीलाच (संवेदक प्रथिनालाच) चेतवते. मग चेतातंतूच ‘पदार्थ पी’ हे रसायन सोडून त्वचा लाल करतात. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत. डोळ्याला हात तर लावूच नये.

ॲस्पिरीन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके त्याच जातीची. स्टेरॉइडे या निर्मितीच्या वरच्या पायरीवर, ॲराकिडोनिक आम्ल सुटण्याच्या टप्प्यावरही, काम करतात. पण प्रोस्टाग्लँडिने जठराचे अस्तर जपतात आणि शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर घाम गाळून, उपाशीपोटी अंगदुखीची गोळी घेणे म्हणूनच धोक्याचे : पायाचा ठणका थांबतो, पण जठरात व्रण पडू शकतो आणि लघवी कमी होऊन मूत्रपिंड बिघडू शकते.