पोटात ऍसिड असतं हे कसं कळलं? पचनाच्या अभ्यासामागचा अलेक्सिस सेंट मार्टिन

पोटात ऍसिड असतं हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण २०० वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांमध्येही यावरून वाद चालू होता. कुणी म्हणायचं अन्न पोटातल्या उष्णतेने शिजतं (आपल्याकडच्या जठराग्नीच्या कल्पनेच्या जवळचंच हे), कुणी म्हणायचं ते आंबतं, आणि कुणी म्हणायचं जठर पाट्यावर वाटल्यासारखं नुसतं दळून काढतं.

दळण्याच्या कल्पनेला पहिला मोठा धक्का दिला फ्रान्सच्या रेओम्यूरने, १७५२ च्या सुमाराला. घार न पचलेलं तोंडातून बाहेर टाकते, म्हणून त्याने धातूच्या नळीत मांस भरून ती घारीला गिळायला लावली. नळी जशीच्या तशी बाहेर आली पण आतलं मांस बऱ्यापैकी विरघळलेलं, आता नळीच्या आत दाब पोचणारच नाही तर विरघळवलं कशाने, म्हणजे कुठलातरी रस असणारच. पुढे इटलीच्या स्पालांझानीने तर कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न शिवून स्वतःच गिळलं! आणि १८२४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरातलं ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ऍसिड असं दाखवलं. पण जिवंत माणसाच्या पोटात अन्नाचं काय होतं हे प्रत्यक्ष बघणार कसं?

ते शक्य झालं एका अपघातामुळे. ६ जून १८२२, अमेरिकेतलं मॅकिनॅक बेट, फर कंपनीचं दुकान. तिथे होड्यांतून माल वाहणारा अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा फ्रेंच कॅनेडियन तरुण उभा होता आणि अगदी जवळून कुणाच्यातरी बंदुकीचा बार उडून त्याच्या डाव्या कुशीत घुसला, बरगड्या तुटल्या, जठराला भोक पडलं. लष्कराचे सर्जन विल्यम ब्यूमाँट धावत आले, पण हा वाचेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. तो वाचला, फक्त ते भोक कधी बुजलंच नाही, जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून भरली आणि आत बघता येईल अशी वाट कायमची राहिली. त्याला पोसायचा खर्च गावाला नको होता म्हणून ब्यूमाँटने त्याला स्वतःच्या घरी ठेवलं, घरकामही करून घेतलं.

१ ऑगस्ट १८२५ ला ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा ब्रेड, कच्चा कोबी असं बांधून त्या भोकातून आत सोडलं. तासाभराने दोरा ओढून बघितला तर कोबी आणि ब्रेड अर्धे पचलेले आणि मांस होतं तसंच. नंतर जठरातला रस काढून बाटलीत शरीराएवढ्या उबेत ठेवला, त्यात मांस टाकलं, ते तिथेही विरघळलं, फक्त जास्त वेळ लागला. म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया आहे हे माणसाच्या बाबतीत स्पष्ट दिसलं. माणूस चिडला की पचन बिघडतं हेही त्यांनी टिपून ठेवलं. १८३३ मध्ये या सगळ्या निरीक्षणांचं पुस्तक आलं.

मला मात्र या कथेत सेंट मार्टिनबद्दल फार वाटतं. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं, १८३२ च्या करारावर त्याने फुलीच केली, वर्षाचे १५० डॉलर आणि राहणं-खाणं. प्रयोगात त्याला मळमळ, डोकेदुखी व्हायची, तो मधेच कॅनडाला निघून गेला, लग्न केलं, परत आला, आणि १८३४ नंतर ब्यूमाँटने कितीही पत्रं पाठवली तरी आला नाही. मला वाटतं त्याने बरोबरच केलं. १८८० मध्ये तो गेला तेव्हा डॉक्टरांना शवविच्छेदन करायचं होतं, पण घरच्यांनी ते होऊ दिलं नाही, मुद्दाम देह खराब होईपर्यंत थांबले आणि मग खूप खोल पुरला.

पुढचं काम भराभर झालं. १८३६ मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने त्या रसातलं पेप्सिन ओळखलं, म्हणजे ऍसिडच्या जोडीने मांसातलं प्रोटीन तोडणारा घटक. मग रशियाच्या पावलोव्हने कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम वाट करून रस कधी, किती सुटतो ते मोजलं, १९०४ चं नोबेल त्याला पचनावरच्या या कामासाठीच मिळालं. आणि १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंगने सीक्रेटिन नावाचं हार्मोन शोधलं, जठरातलं ऍसिड लहान आतड्यात उतरलं की तिथून हे रक्तात जातं आणि स्वादुपिंडाला रस सोडायला लावतं.